डोळा, त्याची खोबण आणि आपली वेळ

(नेत्रदान पंधरवड्यानिमित्त नागाव येथे भरलेल्या सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



डोळ्याच्या रचनेवर बोलण्यासाठी या व्यासपीठावर एखादे नेत्रतज्ज्ञ उभे राहावयास हवे होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च, औषधांचा साठा, केसपेपरची नोंदवही आणि वर्षअखेरचा ताळेबंद हे माझे क्षेत्र. तरीही विश्वस्तांनी हा विषय माझ्याकडे सोपविला, आणि मी तो नाकारला नाही, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण माझ्या घरातले आहे आणि दुसरे माझ्या कार्यालयातले. दोन्ही आज आपणांसमोर मांडणार आहे. जे शास्त्रीय ते आमच्या डॉक्टर मंडळींकडून शिकलो आहे. त्यात काही गुण आढळला तर तो त्यांचा, उणीव राहिली तर ती माझी.

आपल्या शेजारच्या गावाचे नाव आक्षी. त्या नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो, परंतु संस्कृतात ‘अक्षि’ म्हणजे डोळा. नागावहून अलिबागला जाताना रोज आपण ‘डोळ्या’वरून जातो, आणि रोजच्या सवयीमुळे त्याकडे आपले लक्ष जात नाही. आपल्या स्वतःच्या डोळ्यांचेही तसेच आहे. जोवर दिसते आहे तोवर त्यांची आठवण होत नाही.

१९८२ सालच्या कार्तिकातली गोष्ट. मी तेव्हा आठवीत होतो. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. भारा आपटताना एका लोंबीचे कुसळ उडून वडिलांच्या उजव्या डोळ्यात गेले. वडिलांनी डोळा चोळला, पाण्याचा हबका मारला आणि पुन्हा भारा उचलला. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही’ ही म्हण आम्हांला शाळेत शिकवली जात होती. कुसळ ही इतकी क्षुल्लक वस्तू, की म्हणीतही तिचे स्थान क्षुल्लकतेचेच. त्या क्षुल्लक वस्तूची पुढची हकीकत मी नंतर सांगेन. आधी, तो डोळा ज्या घरात राहतो त्या घराची ओळख करून घेऊ.

आपण बोलताना ‘डोळ्याची खोबण’ असे म्हणतो. शास्त्रीय भाषेत तिला नेत्रकोटर म्हणतात. हाताची बोटे भुवईवरून बाहेरच्या बाजूने खाली गालाच्या हाडापर्यंत आणि तेथून नाकाच्या बाजूला फिरवली, तर हाडाची एक सलग कड हाताला लागते. ही कड म्हणजे या घराची चौकट. चौकटीच्या आत चौकोनी मनोऱ्यासारखी निमुळती होत जाणारी सुमारे चार ते साडेचार सेंटिमीटर खोल पोकळी आहे. तिचे टोक मागे आणि किंचित आत, नाकाच्या बाजूला वळलेले असते. ही पोकळी एका हाडाची नसून सात हाडांच्या जोडणीतून तयार झाली आहे : वर कपाळाचे हाड, बाहेर गालाचे, खाली वरच्या जबड्याचे, आत नाकाच्या बाजूला लहानसे अश्रुअस्थी व चाळणीसारखे झर्झरास्थी, मागे वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचे जतुकास्थी, आणि एका कोपऱ्यात टाळूच्या हाडाचा छोटासा अंश.

एका खोबणीत साधारण तीस मिलिलिटर जागा असते. डोळ्याचा गोल स्वतः मात्र सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साडेसहा-सात मिलिलिटर आकारमानाचा. तीसपैकी सात ! हिशेबनिसाच्या नजरेला प्रथम हा जागेचा अपव्यय वाटतो. परंतु उरलेल्या जागेत मऊ चरबीची गादी आहे, डोळा फिरविणारे स्नायू आहेत, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आहेत. धक्का बसला की डोळा या गादीत किंचित मागे दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. जुलाब-वांत्यांनी शरीरातले पाणी घटले, अथवा दीर्घ आजाराने माणूस खंगला, म्हणजे डोळ्यांभोवतीचा हा भराव ओसरतो. ‘डोळे खोल गेले’ असे आपल्या आज्या म्हणत, ते निदान शरीररचनाशास्त्राच्या दृष्टीनेही बिनचूक आहे.

आता चौकटीकडे पुन्हा येऊ. तिचे तोंड सुमारे चार सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच असते. आपल्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात. तो चेंडू साडेसहा सेंटिमीटरहून मोठा. तो तोंडावर आदळला तर प्रथम हाडाच्या कडेवर अडतो. भुवई सुजते, गाल काळानिळा होतो, परंतु आघाताचा मोठा भाग हाड झेलते. याउलट विटीदांडूची विटी. तिचे निमुळते टोक या चौकटीतून सरळ आत जाऊ शकते. विटीने डोळा गमावल्याच्या हकीकती गावोगावी ऐकू येतात, त्याचे कारण नशिबात नसून भूमितीत आहे. खोबण ही मोठ्या वस्तूपासून रक्षण करते. लहान वस्तूपुढे ती केवळ उघडे दार असते.

या घराच्या चारही भिंती सारख्या मजबूत नाहीत. बाहेरची, कानशिलाकडची भिंत सर्वांत भक्कम. मात्र तिची कड इतर कडांपेक्षा मागे सरकलेली आहे. त्यामुळे आपल्याला बाजूचे दिसते. आणि त्यामुळेच बाजूने येणाऱ्या फांदीपासून किंवा झावळीच्या टोकापासून डोळ्याला संरक्षण कमी मिळते. नाकाकडची भिंत इतकी पातळ, की तिच्या एका भागाला वैद्यकात ‘कागदी पत्रा’ अशाच अर्थाचे नाव आहे. खालची भिंतही पातळच, आणि तिच्याखाली गालातील पोकळी. जोराचा ठोसा बसून खोबणीतला दाब एकाएकी वाढला, तर पुष्कळदा ही खालची भिंत तडकते आणि डोळ्याचा गोल फुटण्यापासून वाचतो. घरातील विजेचा फ्यूज जसा स्वतः जळून बाकीची उपकरणे वाचवितो, तसाच हा प्रकार. मात्र अशा वेळी एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, डोळा आत गेल्यासारखा वाटतो, गाल बधिर होतो. कारण गालाची संवेदना नेणारा मज्जातंतू त्याच भिंतीतून जातो. मारामारीनंतर किंवा मोटारसायकलवरून पडल्यानंतर ही लक्षणे दिसली तर ‘सूज आहे, उतरेल’ असे म्हणून घरी बसू नये.

पातळ भिंतीचा दुसरा धोका शेजाराचा आहे. भिंतीपलीकडे नाकाच्या बाजूच्या पोकळ्या, म्हणजे सायनस आहेत. तेथला जंतुसंसर्ग पातळ भिंत ओलांडून डोळ्याच्या घरात शिरू शकतो. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर ‘काळी बुरशी’ म्हणून जो म्युकरमायकोसिस महाराष्ट्रभर फैलावला, तो याच वाटेने. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड औषधांचा अतिरेक यांनी ज्यांची प्रतिकारशक्ती खचली होती, त्यांच्या नाकातील बुरशी सायनसमध्ये आणि तेथून खोबणीत गेली. कित्येकांचा जीव वाचविण्यासाठी डोळाच नव्हे तर खोबणीतले सारे काही काढून टाकावे लागले. खोबणीची भिंत किती पातळ आहे हे त्या उन्हाळ्यात अवघ्या राज्याला कळले.

आता घरात राहणाऱ्या धन्याकडे वळू. डोळा फिरवावयास सहा स्नायू आहेत : चार सरळ आणि दोन तिरपे. त्यांना आज्ञा देणारे मेंदूचे तीन मज्जातंतू आहेत. दोन डोळ्यांचे मिळून बारा स्नायू एकमेकांशी इतके जुळवून चालतात, की आपल्याला दोन चित्रांऐवजी एकच चित्र दिसते. मागच्या बाजूस दृष्टिमज्जातंतू बाहेर पडतो. त्यात दहा-बारा लाख तंतू असतात. डोळ्यापासून खोबणीच्या टोकापर्यंतचे अंतर जितके, त्यापेक्षा हा मज्जातंतू काही मिलिमीटर जास्त लांब असतो आणि किंचित नागमोडी पडून राहतो. नांगरलेल्या होडीच्या दोराला कोळी बांधव जसा ढील देतात, तसाच हा ढील. नाहीतर डोळा फिरविताच दोर ताणला जाता.

दाराशी दोन पहारेकरी आहेत, वरची आणि खालची पापणी. मिनिटाला पंधरा-वीस वेळा आपण त्या मिटतो. प्रत्येक वेळी अश्रूंचा एक पातळ थर डोळ्यावर सारवला जातो. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात असलेल्या अश्रुग्रंथीतून पाणी येते, पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून तेलकट अंश येतो, आणि वापरलेले पाणी आतल्या कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांतून नाकात उतरते. रडताना नाक का गळते, याचे उत्तर हेच. धोका दिसताच पापणी क्षणार्धात मिटते. परंतु झोडणीच्या वेळी उडालेले कुसळ, वेल्डिंगची ठिणगी किंवा गळ झटकताना उसळलेले टोक कधी कधी त्या क्षणार्धाहूनही चपळ असते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची पाच मंडले, सहा संधी आणि सहा पटले वर्णिली आहेत आणि शहात्तर नेत्ररोग सांगितले आहेत. आजच्या विज्ञानाप्रमाणे डोळ्याच्या गोलाला मुख्यत्वे तीन आवरणे आहेत. बाहेरचे चिवट पांढरे, मधले रक्तवाहिन्यांनी भरलेले, आणि आतला प्रकाश टिपणारा दृष्टिपटल. बाहेरचे पांढरे आवरण पुढच्या बाजूस घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक होते. त्या काचेला शास्त्रात स्वच्छमंडल म्हणतात. नेत्रदानाच्या संदर्भात आपण ‘बुबुळ’ म्हणतो ते हेच. मीही आज त्याला बुबुळच म्हणेन. त्याचा व्यास साडेअकरा-बारा मिलिमीटर, आणि मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळविण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम एवढीशी ही काच करते.

हे अर्धा मिलिमीटरही थरांचे बनलेले आहे. दीर्घकाळ पुस्तकांत पाच थर सांगितले जात. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे प्राध्यापक झालेले डॉ. हरमिंदर दुआ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली आणखी एका अत्यंत पातळ पण कणखर थराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला ‘दुआंचा थर’ असे नाव मिळाले, आणि त्यावर तज्ज्ञांमध्ये चर्चाही झाली. सर्वांत बाहेरचा थर झिजतो तसा पुन्हा भरून येतो. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत बुजतो. सर्वांत आतल्या थरातील पेशी मात्र एकदा गेल्या की नव्याने तयार होत नाहीत.

बुबुळात रक्तवाहिन्या नाहीत. म्हणूनच ते पारदर्शक राहते. त्याला लागणारा प्राणवायू ते अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून घेते. परंतु जेथे रक्त नाही तेथे रक्तातील संरक्षक पेशीही लगेच पोहोचू शकत नाहीत. बाहेरचा थर शाबूत आहे तोवर जंतूंना आत वाट नाही. तो ओरखडला गेला, आणि ओरखडणारी वस्तू वनस्पतीची असली, म्हणजे भाताचे पाते, लोंबीचे कुसळ, पोफळीचे किंवा माडाचे टोक, तर तिच्यावरचे जंतू आणि बुरशी थेट आत रुजतात. पाऊस नुकताच सरलेल्या आपल्या दमट किनाऱ्यावर बुरशीला अनुकूल हवामान शोधावे लागत नाही.

येथे मी आपणांस एक हिशेब सांगतो, कारण हिशेब हेच माझे काम आहे. नेपाळच्या भक्तपूर जिल्ह्यात एक अभ्यास करण्यात आला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बुबुळ ओरखडलेल्या माणसांना तीन दिवस साधे प्रतिजैविक मलम लावण्यात आले होते. इजा झाल्यापासून ४८ तासांच्या आत आलेल्या अशा ४४२ व्यक्तींपैकी ४२४ जणांचा डोळा जखम न चिघळता बरा झाला. उरलेल्या १८ जणांचा तपशील अधिक बोलका आहे. पहिल्या १८ तासांच्या आत आलेले २८४. त्यांपैकी एकाच्याही बुबुळात व्रण झाला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेले १०९. त्यांपैकी चौघांना झाला. चोवीस तासांनंतर आलेले ४९. त्यांपैकी चौदा जणांना झाला. मलम तेच आणि गावेही तीच. बदलला तो फक्त वेळ.

मी आयुष्यभर अनेक ताळेबंद पाहिले. इतका निर्दय आणि इतका आशादायक ताळेबंद दुसरा पाहिला नाही.

आता वडिलांची हकीकत पुरी करतो. पहिल्या दिवशी डोळा लाल झाला. आईने शेजारच्या बाळंतिणीचे दूध मागून आणून डोळ्यात घातले. दुसऱ्या दिवशी कुणी तूप सांगितले, कुणी मध सांगितला. तिसऱ्या दिवशी दुकानातून थेंबांची बाटली आणली. तिने लाली ओसरल्यासारखी वाटली आणि सर्वांना हायसे वाटले. पुढे मोठेपणी आमच्या डॉक्टरांनी मला समजावून दिले, की असे थेंब पुष्कळदा स्टिरॉइडचे असतात; ते लाली घालवितात, पण बुरशी असेल तर तिला मोकळे रान देतात. सातव्या दिवशी बुबुळावर पांढरा डाग आला. भात घरात आले होते. त्यामुळे आता जावयास सवड होती. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईस नेण्यास सांगितले. एस.टी.ने रेवस, तेथून लाँचने भाऊचा धक्का, असा आमचा प्रवास झाला. समुद्रावरच्या वाऱ्यात वडील एका हाताने डोळा झाकून बसले होते, ते दृश्य मला आजही दिसते. तोवर बुबुळाला छिद्र पडले होते. डोळा वाचण्यासारखा उरला नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी सोडली, तेव्हा वडिलांची खोबण मी प्रथम पाहिली. डोळ्यातले सारे काढून बाहेरचे पांढरे आवरण तेवढे ठेवले होते. पुढे त्यावर बसणारा कृत्रिम डोळा मिळाला. गावात सर्व जण त्याला काचेचा डोळा म्हणत. असतो तो ॲक्रिलिकचा. वडील उजवीकडे पाहू लागले की तो थोडासा उजवीकडे वळे. मला त्याचे फार नवल वाटे. नंतर कळले, की आवरण ठेवल्यामुळे ते सहाही स्नायू जागच्या जागी होते. ज्याला काहीही दिसत नव्हते, अशा डोळ्याला ते इमानाने फिरवीत राहिले. डोळ्याची रचना मी पुस्तकात शिकलो नाही. ती मी त्या खोबणीत शिकलो.

कुणाचाही दोष मी काढीत नाही. आईने जे केले ते प्रेमाने केले, आणि त्या काळी आमच्यापैकी कुणालाच अधिक ठाऊक नव्हते. परंतु दुसरी हकीकत सांगताना मला ती सबब उरत नाही.

काही वर्षांपूर्वी, अशाच कापणीच्या दिवसांत, एका शनिवारी दुपारी सव्वा वाजता एक शेतकरी बांधव आमच्या खिडकीवर आले. सकाळी अकराच्या सुमारास डोळ्यात कुसळ गेले, असे त्यांनी सांगितले. बाह्यरुग्ण विभाग एक वाजता बंद होतो, सोमवारी सकाळी या, असे खिडकीवरील कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणे उत्तर दिले. ते मुकाट्याने परत गेले आणि सोमवारी नऊ वाजता पुन्हा आले. नोंदवहीत दोन्ही वेळा आहेत. इजा झाल्यानंतर सव्वादोन तासांनी आलेला माणूस आम्ही शेहेचाळीस तासांनी तपासला. भक्तपूरच्या पहिल्या रकान्यातल्या माणसाला आम्ही तिसऱ्या रकान्यात नेऊन बसविले. आमच्या डॉक्टरांनी शर्थ केली. डोळा राहिला, परंतु बुबुळावर मधोमध फूल पडले. त्या डोळ्याने त्यांना आज उजेड-अंधार आणि माणसाची आकृती, एवढेच कळते.

खिडकीवरील कर्मचाऱ्याची यात काही चूक नव्हती. एक वाजता खिडकी बंद करण्याचा नियम मी केला होता. ज्याच्या घरात कुसळाने डोळा गेला, त्याने केला होता. ‘काणाडोळा करणे’ हा वाक्प्रचार त्या दिवशी मला स्वतःला लागू पडला. ही गोष्ट अहवालात छापावी की नाही, याविषयी मी विश्वस्तांना विचारले. त्यांनी ती छापण्यास अनुमती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तेव्हापासून नियम असा आहे : ‘डोळ्याला लागले आहे’ असे म्हणणारी व्यक्ती कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी आली, तरी तिला रांगेत उभे करावयाचे नाही. आधी डॉक्टरांकडे, केसपेपर नंतर. पैसे नसतील तरी हरकत नाही. वर्षाच्या खर्चात या नियमाने पडलेली भर ताळेबंदात शोधूनही सापडत नाही, इतकी ती अल्प आहे.

बुबुळावर पडलेल्या फुलाला उपाय आहे, आणि तो आपल्या हाती आहे. म्हणूनच हा पंधरवडा. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे एदुआर्ट झिर्म या शल्यविशारदांनी एका मजुराला दुसऱ्या व्यक्तीचे बुबुळ बसविले. चुना विझविताना त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. एका डोळ्यातले बुबुळ पारदर्शक राहिले आणि त्या माणसाला पुन्हा दिसू लागले. बुबुळात रक्तवाहिन्या नसल्यामुळे परके बुबुळ शरीर तुलनेने सहज स्वीकारते. जे त्याचे दुबळेपण तेच येथे त्याचे बळ ठरते.

लहानपणी मी विचारले होते, की वडिलांना दुसऱ्याचा पुरा डोळा का बसवीत नाहीत ? त्याचे उत्तर त्या दहा-बारा लाख तंतूंमध्ये आहे. ते एकदा तुटले की जोडून पुन्हा दृष्टी देण्याची विद्या अद्याप माणसाला साधलेली नाही. २०२३ साली न्यूयॉर्क येथे एका रुग्णास संपूर्ण डोळा बसविण्यात आला. त्या डोळ्यात रक्त फिरू लागले, परंतु दृष्टी आली नाही. म्हणून नेत्रदान म्हणजे प्रामुख्याने बुबुळाचे दान. वडिलांना ते उपयोगी पडले नसते. शनिवारी आमच्या खिडकीवरून परत गेलेल्या त्या बांधवांना ते उपयोगी पडेल. ते आज प्रतीक्षायादीत आहेत.

नेत्रदानाविषयी थोडक्यात सांगतो. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत बुबुळे काढावी लागतात. पंधरा-वीस मिनिटांचे काम असते आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, वय फार होते, यांपैकी कशाचीही आडकाठी नाही. एड्स, कावीळ ‘ब’ व ‘क’, रेबीज यांसारख्या रोगांत मात्र दान स्वीकारता येत नाही. निरोप देताच पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. निर्णय शेवटी घरच्यांचाच असतो. म्हणून नुसता अर्ज भरून तो कपाटात ठेवू नका, जेवणाच्या पानावर घरात बोलून ठेवा.

आणि जिवंतपणी डोळ्याची काळजी घेण्यासाठी एवढेच. कापणी-झोडणी, माडावरचे काम, गवत कापणी, वेल्डिंग करताना साधा संरक्षक चष्मा वापरा. डोळ्यात काही गेले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. रुतलेली वस्तू स्वतः ओढू नका. दूध, तूप, मध, लिंबू, गुलाबपाणी काहीही घालू नका, आणि दुकानातून विचारून आणलेले थेंबही नकोत. पान-तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. चुना डोळ्यात गेला तर तो आत आत भाजीत जातो. अशा वेळी वाहन शोधण्यापूर्वी नळाखाली डोळा उघडा धरून अर्धा तास सतत धुवा, पापण्यांखाली अडकलेले कण निघू द्या, आणि मग निघा. आणि काहीही झाले असले तरी त्याच दिवशी या. भात एक दिवस शेतात थांबेल. डोळा थांबत नाही.

सात हाडांची चौकट, चरबीची गादी, पापण्यांचा पहारा, अश्रूंची सारवण, एवढी सारी व्यवस्था निसर्गाने अर्धा मिलिमीटरच्या एका काचेसाठी केली आहे. त्या व्यवस्थेतून जे लहानसे कुसळ निसटून आत जाते, त्याच्यासाठी शेवटचा पहारा आपण ठेवावयाचा आहे : घरी तुम्ही, आणि खिडकीवर आम्ही. आमच्याकडून तो एकदा चुकला. पुन्हा चुकू नये, यासाठी आपण आमच्यावर लक्ष ठेवावे. कोणत्याही वेळी आमच्या दारातून असा रुग्ण परत पाठविला गेल्याचे कानी आले, तर थेट माझ्याकडे यावे, ही नम्र विनंती.